लेकुरवाळीचं स्थळ

"चौदा रकाने?" भवानीबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "अगं, मी बेचाळीस लग्नं जुळवली. सातच्या वर रकाने मला कधी लागले नाहीत."

विद्युल्लतेनं कागद चटईवर नीट पसरला आणि चारी कोपऱ्यांवर वाटी, पानाचा डबा, फोन आणि चिऊची चप्पल अशी वजनं ठेवली. धारच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत सात वर्षं नमुन्यांचे तक्ते करून करून तिचा हात त्यावर बसला होता. त्याच हातानं तिनं स्कॉटलंडच्या पाच विद्यापीठांचा तक्ता केला होता. डावीकडे एकाखाली एक नावं होती : एडिंबरा, ग्लासगो, अ‍ॅबर्डीन, डंडी, स्टर्लिंग. वर अभ्यासक्रम, मुदत, फी, शिष्यवृत्ती, जागतिक क्रमांक, प्रयोगशाळा, हवामान, असं चौदापर्यंत. पाचही ठिकाणी तिनं अर्ज केले होते. होकार दोनच आले, एडिंबराचा आणि स्टर्लिंगचा.

"मग बाकीची तीन खोड," भवानीबाई म्हणाल्या. "नकार आलेलं स्थळ कागदावर ठेवू नये. माणूस उगीच झुरतं."

भवानीबाई म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, अजेयच्या आत्या. देवासच्या मराठी घरांत कुणाची मुलगी वीस पार झाली, की लोक आधी टेकडीवर देवीला जात आणि उतरताना आत्यासाहेबांकडे. अजेय देवासच्या एका कारखान्यात मशिनांच्या देखभालीवर सुपरवायझर होता. सोमवार ते शनिवार तो आत्याकडेच राहायचा, जेवायचा, आणि रविवारी धारला यायचा. धारच्या घरात विद्युल्लता, पाच वर्षांची चिऊ आणि सासू-सासरे. लग्नानंतर तीन वर्षांनी सुरू झालेली ही व्यवस्था आता कुणाला व्यवस्था वाटतही नव्हती. ऊन-पावसासारखी ती होतीच.

आज शनिवारी मात्र विद्युल्लता चिऊला घेऊन, इंदूरला बस बदलून, स्वतःच देवासला आली होती. उद्या धारला मराठी मंडळाचा गुणगौरव होता. त्याआधी तिला अजेयशी बोलायचं होतं, आणि अजेयच्या आधी आत्यासाहेबांशी.

तिनं सगळं सांगितलं. एडिंबरा जुनं, नावाजलेलं. तिथं एक वर्षाची पदवी. स्टर्लिंग लहानसं, डोंगराच्या पायथ्याशी. तिथं तीन वर्षं संशोधन, आणि शिष्यवृत्तीही. विषय तिचाच, विहिरी-हातपंपांच्या पाण्यातलं फ्लोराइड. नालछ्याच्या पुढे मांडूच्या रस्त्याला पाण्याचे नमुने घ्यायला ती पहिल्यांदा गेली, तेव्हा चिऊ पोटात होती. एका हातपंपाशी सहा-सात पोरी हसत उभ्या होत्या. हसल्या तशा त्यांच्या दातांवरच्या फ्लोराइडच्या तपकिरी रेघा दिसल्या. त्या दिवशी तिनं घरून नेलेल्या बाटलीतलं पाणी लपवून प्यायलं, आणि ते लपवणं तिच्या मनातून काही गेलं नाही. पुढे चिऊला दात आले, तशी ती रोज सकाळी खिडकीशी नेऊन तिचे दात बघायची. अजूनही बघते. स्टर्लिंगच्या प्राध्यापकांना तिनं तोच प्रस्ताव लिहून पाठवला होता, खापराच्या चुऱ्यातून पाणी गाळून फ्लोराइड उतरवण्याचा.

"आणि भाऊसाहेबाचं काय म्हणणं?"

भाऊसाहेब म्हणजे भवानीबाईंचे थोरले भाऊ, विद्युल्लतेचे सासरे खंडोजीराव. घरात त्यांना आबासाहेब म्हणत. आबासाहेबांचं म्हणणं ठरलेलं होतं. घराणं धारच्या दरबारातलं, तेव्हा विद्यापीठही तसंच हवं. स्टर्लिंग एकोणीसशे सदुसष्टचं आहे, हे कळल्यावर त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं होतं आणि म्हणाले होते, "सदुसष्ट? म्हणजे माझ्याहून दहा वर्षांनी लहान." त्यावर विषय संपला. चिऊचं काय, तेही ठरलं होतं. एक वर्षाचा तर प्रश्न. पोर आईसाहेबांजवळ राहील. आईसाहेबांचे गुडघे दुखतात, पण त्या नको म्हणाल्या नव्हत्या. अजेयही नको म्हणाला नव्हता. नको म्हणण्याची पाळी फक्त विद्युल्लतेवर होती, आणि इतकं भलं होत असताना नको म्हणणारी बाई वेडीच ठरते.

भवानीबाईंनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला आणि कागदावरून बोट फिरवत गेल्या. चौदाव्या रकान्याशी बोट थांबलं.

"पोरीला नेता येतं का, तो रकाना कुठं आहे?"

विद्युल्लतेनं कोपऱ्यावरची चिऊची चप्पल उगाच सरळ केली.

"बघ, लेकुरवाळीचं दुसरं लग्न जुळवताना मी क्रमांक, पगार, शेती काही विचारत नाही. पहिला प्रश्न, मूल ठेवून घेणार का? हो म्हणाले तर चहा. नाही तर राम राम." त्यांनी डब्यातून सुपारी काढली. "तू चौदा रकाने काढले आणि नेमका हाच नाही काढला. विसरलीस होय?"

ती विसरली नव्हती. तिला तो रकाना भरायची भीती वाटत होती. सगळे म्हणत होते एक वर्ष काय, डोळे मिटून उघडेस्तोवर जाईल. आणि ती, जी चिऊ शाळेतून दहा मिनिटं उशिरा आली तर फाटकाशी जाऊन उभी राहते, तीही स्वतःला तसंच सांगू लागली होती.

तिनं पेन घेतलं, पट्टी नव्हती म्हणून पासबुकाच्या कडेनं उभी रेघ ओढली आणि वर लिहिलं : चिऊ. एडिंबरासमोर "नाही". त्यात विद्यापीठाचा दोष नव्हता. वर्षभराच्या पदवीला कुटुंब न्यायचं नाही, हा तिथल्या सरकारचा नियम. संशोधनाला मात्र नेता येतं. पण मूल न्यायचं तर साधारणपणे आई-बाप दोघंही तिथं हवेत. म्हणजे स्टर्लिंगसमोर "हो", आणि त्या "हो"च्या पुढे, कंसात, "अजेय आला तर".

"हां," भवानीबाई म्हणाल्या. "आता हे स्थळ झालं. आता मला सांग, तिथं नांदून राहिलेली कोणी आहे का? सासूला विचारू नये, सुनेला विचारावं."

होती. उज्जैनची शिखा, मुलाला घेऊन दुसरं वर्ष स्टर्लिंगला काढत होती. विद्यार्थ्यांच्या एका गटात तिची ओळख झाली होती. भवानीबाईंनी फोन लावायलाच लावला आणि स्पीकरवर ठेवायला सांगितला. शिखानं हातचं राखलं नाही. हिवाळ्यात साडेतीनला अंधारतं आणि रडू येतं. पहिले दोन महिने पोरगं एक शब्द बोललं नव्हतं, आता मात्र आईचे उच्चार सुधारतं. शाळा चालत पाच मिनिटांवर. नवऱ्याला काम मिळालं, पण इथल्या हुद्द्याचं नाही. विद्युल्लतेनं पाणी कसं आहे विचारलं, तर ती हसत सुटली. "दीदी, सब लोग ठंड पूछते हैं. पानी तू पहिलीच पूछ रही है. नळाचं पितो आम्ही, सीधा. गोड आहे."

फोन ठेवल्यावर भवानीबाई उठल्या. पिशवी घेतली. "मी भाजी आणते. चिऊ माझ्याबरोबर. अजेय येईल आता. मला यायला तास लागेल," त्या म्हणाल्या, आणि जिन्यावरून, "दीडही लागेल."

*

अजेय आला, हातपाय धुतले, चटईवरचा कागद बघितला. घरच्यांसमोर ती त्याला अहो म्हणायची. देवासला अरे.

"उद्यासाठी आबासाहेबांनी फलक छापलाय," तो म्हणाला. "फोटो पाठवला मला. मागे एडिंबराचा किल्ला, पुढे तू."

"मला माहीत आहे. मी एडिंबराला जाणार नाही."

तो खाली बसला. तिनं त्याला नवा रकाना दाखवला. त्यानं वाचला, कंसातलंही वाचलं.

"म्हणजे मी तुझ्या व्हिसावर."

"हो."

"फॉर्मवर काय लिहितात?"

"डिपेंडंट."

"म्हणजे अवलंबून." त्यानं तो शब्द तोंडात घोळवला, बी लागली तसा. "विजू, माझ्या हाताखाली अठरा माणसं आहेत. 'भिया, मशीन बंद पडली,' म्हणून रात्री फोन येतात मला. तिकडे मी कोण?"

"चिऊचा बाप."

"ते इथंही आहे ना मी."

"रविवारी," ती म्हणाली.

हे तिला बोलायचं नव्हतं. पण बोलली, आणि मागे घेतलं नाही. तो खिडकीबाहेर बघू लागला. समोरच्या गच्चीवर कुणीतरी पापड वाळत घातले होते आणि एक म्हातारी काठी घेऊन कावळ्यांवर लक्ष ठेवून होती.

"लोक म्हणतील बायकोच्या पदराला धरून गेला."

"म्हणतील. मी चिऊला टाकून गेले तर मला काय म्हणतील, ते विचारलंस का कधी? एक वर्ष म्हणे डोळे मिटून उघडेस्तोवर जातं. मला डोळे मिटता येत नाहीत, अजेय. पोर जन्मली त्या दिवसापासून येत नाहीत."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

तिनं याचा विचार बसमध्ये, इंदूरपासून देवासपर्यंत केला होता.

"तर मी कुठंच जाणार नाही. नालछ्याला जाईन आणि बाटल्या भरीन. पण तू नाही म्हणालास म्हणून गेले नाही, हे मी सगळ्यांना सांगेन. मला जायचंच नव्हतं, असं नाही सांगणार. तेवढं खोटं मी तुझ्यासाठी बोलणार नाही."

तो विचार करतो म्हणाला. पुरुषमाणूस विचार करतो म्हणाला, की त्याचा अर्थ बहुधा नाही असाच असतो, हे तिला माहीत होतं. पण त्यानं तो कागद घडी करून आपल्या खिशात ठेवला, तिच्या हातात परत दिला नाही. हे तिनं पाहून ठेवलं.

*

मंडळाच्या सभागृहात दहावी-बारावीच्या पोरांचे सत्कार आधी झाले. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींच्या रांगेत सर्वांत शेवटी बत्तीस वर्षांची विद्युल्लता नऊवारीत उभी होती, आणि पुढची मुलगी तिला म्हणाली, "आंटी, आपका कौनसा सब्जेक्ट था?" फलकावरचा किल्ला फारच मोठा आला होता. त्याच्या पायथ्याशी ती पहारेकऱ्याच्या बायकोसारखी दिसत होती. पहिल्या रांगेत आबासाहेब फेटा बांधून. मागे, दाराशी, अजेय चिऊला खांद्यावर घेऊन.

तिनं त्या सकाळी देवासहून निघण्यापूर्वी एक गोष्ट केली होती. फोनवर एडिंबराचं पत्र उघडलं, खालचं नकाराचं बटण दाबलं, खात्री आहे का असं विचारल्यावर पुन्हा दाबलं. अजेयला सांगितलं नाही. त्यानंही बसमध्ये काही विचारलं नाही.

सूत्रसंचालकांनी, "एडिंबरा येथे उच्च शिक्षणासाठी रवाना होत असलेल्या," असं म्हणून तिचं नाव घेतलं. शाल आली, नारळ आला. दोन शब्द बोला म्हणाले. दोन शब्दांत बहुतेक सगळे आईवडिलांचे आभार मानून उतरत होते. तिनंही मानले, सासूसासऱ्यांचे. आवाज तिचाच तिला अनोळखी लागत होता.

"फलकावर एक चूक आहे," ती पुढे म्हणाली. "छापणाऱ्याची नाही. मी आधी बोलले नाही, म्हणून झाली. मी एडिंबराला जात नाही. आज सकाळी मी ती जागा सोडली. तिथं मला लेकीला नेता येत नाही. स्टर्लिंगला येतं. ते एडिंबराइतकं नावाजलेलं नाही, पण माझं काम तिथं आहे. गेले तर तिथं जाईन, लेकीसकट. नाहीतर इथंच तुमच्यात आहे."

सभागृहात पंख्यांचा आवाज होता, तोही एकदम मोठा झाला. टाळ्या वाजवायच्या की नाही, हे लोकांना समजेना. मग मागच्या रांगेतून तीन-चार बायकांनी वाजवल्या, जरा जास्तच जोरात, आणि नवऱ्यांकडे न बघता. आबासाहेब समोर बघत होते. फेट्याचा शेमला सुद्धा हलला नाही.

खाली चहाला लोक अजेयभोवती जमले. मालोजीकाका म्हणजे मंडळाचे जुने खजिनदार. चेष्टा हा आपला वाडवडिलार्जित हक्क, असं ते मानत. त्यांनी कपबशी हातात घेतली आणि चारचौघांना ऐकू जाईल असं विचारलं, "कायरे भिया, बाईसाहेब शिकणार, कन्या शिकणार, आणि तू तिकडे काय भाकरी थापणार?"

विद्युल्लता दोन हातांवर होती. तिनं मान वळवली नाही. हसण्याचा आवाज ओसरेपर्यंत ती नारळाची शेंडी बोटांनी पिळत राहिली.

"थापीन की," अजेय म्हणाला. "पाच वर्षं आत्याच्या हातची खाऊन राहिलोय. केव्हातरी शिकायला पाहिजेच."

लोक पुन्हा हसले, पण आता निराळे. मालोजीकाकांनी चहात बिस्कीट बुडवलं आणि ते तुटून आत पडलं. चिऊनं बापाच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं विचारलं, "बाबा, भाकरी की पोळी?"

हा त्याचा होकार होता. दुसरा त्यानं कधी दिलाच नाही. मंगळवारी त्यानं राजीनामा दिला आणि बुधवारी फॉर्म भरायला बसला. 'डिपेंडंट' हा शब्द आला त्या ओळीवर क्षणभर थांबला, आणि ठळक अक्षरांत भरून टाकला.

*

आबासाहेबांनी त्या दिवसापासून अजेयशी बोलणं सोडलं. सुनेशी नाही. सुनेशी ते पूर्वीपेक्षा अदबीनं वागू लागले. कागदपत्रांच्या झेरॉक्स स्वतः काढून आणल्या, चिऊचा जन्मदाखला इंग्रजीत करून घ्यायला दोनदा कचेरीत जाऊन बसले. एकदा विद्युल्लतेनं धीर करून विचारलं, तेव्हा म्हणाले, "सूनबाई, तुम्ही मागितलंत, तो तुमचा हक्क. तुमच्यावर राग नाही. त्यानं द्यायला नको होतं."

तिनं त्यावर वाद घातला. पहिल्यांदाच घातला. म्हणाली, तुम्हीच त्याला शिकवलंत ना, शब्द दिला की फिरवायचा नाही. लग्नात अग्नीसमोर बरोबर चालण्याचा शब्द त्यानंच दिला होता. आबासाहेबांनी ऐकून घेतलं आणि वर्तमानपत्र उचललं. अडीच महिने असेच गेले. बाप-लेक एका ताटलीतली कैरीची फोड घेत, पण ताटली सरकवायला आईसाहेब लागत.

निघायच्या दिवशी सकाळी टॅक्सी दाराशी आली. सामान चढलं. भवानीबाई देवासहून आल्या होत्या आणि ड्रायव्हरला इंदूरच्या विमानतळाचा रस्ता समजावत होत्या, जो त्याला पाठ होता. आईसाहेबांनी तिघांच्या हातांवर दही घातलं. त्यांना नमस्कार झाला, आत्यासाहेबांना झाला. राहिले आबासाहेब. ते बैठकीत त्यांच्या लाकडी खुर्चीवर बसले होते.

अजेय आधी आत गेला आणि विद्युल्लता दारातून आत येईपर्यंत वाकलाही. आबासाहेबांनी दोन्ही पाय उचलून खुर्चीवर मांडी घातली. घाई केली नाही. थंडी वाजल्यावर माणूस पाय वर घेतो तसे घेतले. अजेयचा हात फरशीवर टेकला, तिथंच राहिला, मग तो उठून उभा राहिला.

"सूनबाई, या," आबासाहेब म्हणाले आणि पाय पुन्हा खाली सोडले. "सुखरूप जा. नाव काढा."

विद्युल्लता पुढे झाली. पदर खांद्यावर घेतला. वाकणार तोच थांबली. या घरात लग्न होऊन आली, त्या दिवशी तिला आईसाहेबांनी पहिली रीत सांगितली होती. घरातून दूर जाताना नवरा-बायको वेगवेगळे पाया पडत नाहीत, जोडीनं पडतात. एकट्यानं पडतं ते माणूस ज्याचा जोडीदार गेलेला असतो.

"आबासाहेब, नमस्कार जोडीनं होईल," ती म्हणाली.

त्यांनी पाय वर घेतले.

ती गेली नाही. अजेयला बाहीला धरून तिनं आपल्या डाव्या बाजूला उभं केलं आणि दोघं खुर्चीसमोर उभी राहिली. विमान चुकलं तर, चिऊ उन्हात गाडीत बसून राहिली तर, पासपोर्ट कुठल्या पिशवीत होते. सगळं तिच्या डोक्यात एकदम धावत होतं, आणि ती हलली नाही. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. बाहेर हॉर्न वाजला. भवानीबाई ड्रायव्हरला काहीतरी म्हणाल्या. पुन्हा वाजला नाही.

आबासाहेब खिडकीकडे बघत होते. खालचा ओठ त्यांनी आत घेतला होता. असा किती वेळ गेला, तिनं मोजला नाही. मग खुर्चीची कड करकरली आणि त्यांचा उजवा पाय हळूहळू खाली आला, फरशीवर टेकला. डावा मांडीखालीच राहिला.

दोघं वाकली, आणि त्या एका पायावर जोडीनं डोकं ठेवलं.